पानाला भोक नसेल तर ती बाग कसली?

ज्या बागेत एकही पान कुरतडलेलं नाही, तिथे माझं मन रमत नाही. स्पष्टच सांगते. हल्ली 'लँडस्केपिंग' करून घेतलेल्या अंगणांचे फोटो रोज समोर येतात. कातरलेली हिरवळ, रांगेत उभी केलेली एकसारखी झुडपं, पांढरे गोटे आणि कोपऱ्यात महागडा झुला. त्या झुल्यावर कुणी बसलेलं मात्र सहसा दिसत नाही. बसून बघणार काय? तिथे काही घडतच नाही.

माझं मत असं, की किड्या-पाखरांची सोय बघून केलेली बागच माणसाचं मन ताळ्यावर आणते. 'माणसांसाठी सुंदर' आणि 'जिवांसाठी उपयोगी' अशी वाटणी बागवाल्यांनी उगाच करून ठेवली आहे. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने यावर बरंच काम केलंय. कामात डोकं घालून, इतर सगळं बाजूला सारून आपण जे लक्ष लावतो, ते दमतं. वाऱ्याने हलणारी पानं किंवा मुंग्यांची रांग यांच्याकडे लक्ष आपसूक जातं, त्याला जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात ते दमलेलं लक्ष ताजंतवानं होतं. आता नुसत्या गोट्यांकडे आपसूक लक्ष जाऊन जाऊन किती वेळ जाणार?

त्यापेक्षा लिंबाच्या झाडावरची फुलपाखराची अळी बघा. लहानपणी ती तपकिरी-काळी, मध्येच पांढरा पट्टा, आणि खुशाल पानाच्या वरच्या बाजूला बसून राहते. पक्ष्याची शीट पडलीय असंच वाटतं. पक्ष्यांनाही तेच वाटावं हा तिचा डाव. मोठी झाली की शेवटची कात टाकून पानासारखी हिरवीगार होते. मग तिला गवताच्या काडीने हलकेच डिवचा. डोक्यामागून एक केशरी, दुभंगलेलं शिंग सर्रकन बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. धोका टळला असं वाटलं की शिंग परत आत. हे एकदा बघितलेलं पोर दुसऱ्या दिवशी न सांगता झाडापाशी हजर असतं. मोठ्यांचंही तेच होतं, ते फक्त कबूल करत नाहीत.

आणि नेमकी हीच अळी दिसली की लोक फवारा काढतात! फुलपाखरू हवं पण अळी नको, हे कसं जमायचं? पक्ष्यांचंही तसंच. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिल्लांना भरवायला तिला किडेच लागतात. अमेरिकेतल्या चिकडी या मूठभर पक्ष्याला एक वीण वाढवायला ६,००० ते ९,००० अळ्या लागतात. वॉशिंग्टन डी.सी.च्या आसपासच्या घरांच्या अंगणांत या पक्ष्यावर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. अंगणातल्या हिरवाईत देशी झाडांचा वाटा ७० टक्क्यांखाली गेला की तिथे चिकडींची संख्या टिकत नाही, असं त्यात दिसलं. कारण साधं आहे. बहुतेक अळ्या ठरावीक झाडंच खातात, आणि लांबून आणलेली शोभेची झाडं त्यांच्या लेखी जवळपास प्लास्टिकचीच. त्यामुळे नर्सरीत गेलात की 'हे किती फुलतं?' याच्या आधी 'हे मूळचं इथलं का?' हे विचारा. जोडीला 'याला औषध कोणतं मारलंय?' हेही. काही कीटकनाशकं रोपाच्या अंगात भिनतात आणि फुलातल्या पराग-मकरंदात उतरतात. त्यातल्या निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांचा उघड्यावरचा वापर युरोपियन युनियनने २०१८ मध्ये बंद केला, तो मधमाश्यांच्याच काळजीपोटी.

आता रचनेचं. उंच झाड, खाली झुडपं, त्यांवर वेल, जमिनीलगत गवत-फुलझाडं असे थर हवेत, म्हणजे वेगवेगळ्या जिवांना आपापला मजला मिळतो. वर्षभर काही ना काही फुलत राहील असं बघा. भरगच्च दुहेरी फुलांच्या मोहात फार पडू नका. त्यांचे पुंकेसर पाकळ्यांत बदललेले असतात, मधमाशी येते आणि रिकाम्या हाती जाते. आणि कृपा करून सगळी माती झाकू नका. मधमाश्यांच्या बहुसंख्य जाती पोळं करतच नाहीत, एकेकट्या राहतात, आणि त्यातल्या कितीतरी जणी उघड्या जमिनीत बीळ करतात. ऊन लागणारा हातभर मोकळा तुकडा त्यांना पुरतो. बाजारात मिळणाऱ्या 'कीटक हॉटेल'बद्दल, म्हणजे किड्यांना राहायला भोकं-नळ्या ठेवून बनवलेल्या खोक्यांबद्दल, माझं मत फारसं चांगलं नाही. एकाच ठिकाणी गर्दी झाली की परजीवींचं आणि बुरशीचं फावतं. त्यापेक्षा वाळलेली फांदी आहे तिथेच राहू द्या. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखी गोल खाच दिसली तर रोग समजून औषध आणायला धावू नका. पानं कापणारी एकांडी मधमाशी तो तुकडा नेऊन आपल्या पिल्लाची खोली मढवत असते.

पाणी हवंच. उथळ भांडं, त्यात दोन-तीन दगड, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. रात्री झाडांवर सोडलेले दिवे मात्र घालवा. पतंग त्यांच्याभोवती फिरून फिरून दमतात, आणि आपल्यालाही अंधार बघायला मिळत नाही.

बसायची जागा लोक सगळ्यात शेवटी ठरवतात. मी म्हणेन सगळ्यात आधी ठरवा. पाठीला झुडूप किंवा भिंत, समोर फुलं आणि पाणी, अंतर इतकंच की चश्मा न पुसता माशी दिसावी.

'एवढ्याशा जागेत काय होणार?' असं विचारणाऱ्यांना मी जीवशास्त्रज्ञ जेनिफर ओवेन यांचं उदाहरण देते. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात त्यांचं साधं घर होतं, मागे-पुढे चारचौघांसारखीच बाग. १९७२ पासून ३० वर्षं त्यांनी तिथे दिसेल त्या जिवाची नोंद केली. प्राणी-वनस्पती मिळून २,६७३ जाती भरल्या! गॅलरीवाल्यांना एवढं जमणार नाही, मान्य. पण एका कुंडीतल्या लिंबावरही अळी येते.

संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यासही अनेकांनी ऐकला असेल. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण झाडं नुसती दिसून एवढं होत असेल, तर जिथे रोज काहीतरी घडतं अशा बागेत रोज बसणाऱ्याचं काय होईल, याचा विचार करून बघा.

कमेंटमध्ये तीन प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तरं. डास: भांड्यातलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. साप: तो उंदरांमागे येतो, तेव्हा खरकटं उघड्यावर टाकू नका, आणि लाकडं-पालापाचोळा दारापासून लांब कोपऱ्यात ठेवा. शेजारी: हे सगळ्यात अवघड. जोन नासाउर या अमेरिकन लँडस्केप अभ्यासिकेने यावर तोडगा सांगितलाय. आतली बाग वाढू द्या हवी तशी, पण कडा नीट राखा. वाट साफ, काठावरचं गवत कापलेलं, कुंपण सरळ. मग बघणाऱ्याला कळतं की इथे कुणीतरी लक्ष देतंय, आणि 'तण माजलंय' ही तक्रार कमी होते. तरीही कुणी बोललंच, तर त्यांना लिंबापाशी न्या आणि हातात गवताची काडी द्या.