पहिलं पोतं म्हणजे नक्की कुठलं?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पावत्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक तुकड्याला नावाचा टॅग लावलेल्या फाइलीत, येतात आणि त्यातून हवं ते शोधून द्यायचं काम माझ्या गळ्यात. त्यासाठी एक्सपाथ, म्हणजे अशा फाइलीतून नेमका तुकडा मागायची भाषा. तीत दोन तिरक्या रेघा, पुढं 'पोतं', पुढं चौकटी कंसात 1. कुणालाही वाटेल, अख्ख्या फाइलीतलं पहिलं पोतं मिळणार. छे! प्रत्येक पावतीतलं पहिलं पोतं हजर, ढिगानं! एकच हवं तर आधी सगळ्याला गोल कंस, मग तो 1. का, तर चौकटी कंस फक्त शेवटच्या पायरीला, म्हणजे एकेका पावतीतल्या 'पोतं'ला, चिकटतो. 1999 पासून हे असंच चाललंय.

मजकुराची तऱ्हा तर विचारूच नका. 'राजापुरी हळद, भिजलेली' यातल्या 'भिजलेली'ला कुणीतरी हौसेनं ठळक टॅग लावला, की झालं. पहिला मजकूर मागितला की 'राजापुरी हळद,' एवढंच हातात, आणि व्यापारी फोनवर, "माल भिजलेला हाय, ते कुठं गेलं वो?" अक्षरांची मोजणी इथं 1 पासून, जावा या प्रोग्रामिंग भाषेत 0 पासून. आणि ओळ क्रमांक? तो एक्सपाथच्या गावीच नाही!

त्यात नेमस्पेस, म्हणजे टॅगांच्या नावांचं जणू आडनाव. फाइलीच्या मुळाशी कुणीतरी बिनप्रीफिक्सचा, म्हणजे टॅगापुढं काही खूण न दिसणारा, नेमस्पेस टाकला, की बिनआडनावाचं 'पोतं' मागणारी माझी साधी क्वेरी कोरी. पोतं डोळ्यांपुढं दिसतंय आणि उत्तर शून्य. अरे, निदान एरर तरी द्या की राव!