ऐंशी टक्क्यांचा आकडा कुठून आला?

लैंगिक गुन्हेगार सुटल्यावर हमखास पुन्हा तोच गुन्हा करतात, हे विधान लोकसमजुतीला धरून असले तरी संशोधनाला धरून नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मॅक्यून विरुद्ध लाइल खटल्यात, उपचार न घेतलेल्यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत गुन्हेगार पुन्हा गुन्हा करतात असा जो अंदाज उद्धृत केला, त्याचा माग न्याय विभागाच्या एका पुस्तिकेमार्गे १९८६ मधील लोकप्रिय मासिकातल्या निराधार वाक्यापाशी जाऊन थांबतो; आणि न्यायालयानेच वापरल्यामुळे तो पुढे प्रमाण मानला गेला, हे अधिक गंभीर. याउलट हॅन्सन आणि मॉर्टन-बुर्गॉन या संशोधकांनी २००५ मध्ये ८२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरासरी पाच-सहा वर्षांत नव्या लैंगिक गुन्ह्याचे प्रमाण १३.७ टक्के आढळले. अर्थात हे आकडे नोंदलेल्या गुन्ह्यांचे आहेत, आणि असे कितीतरी गुन्हे पोलिसांपर्यंत पोहोचतच नसल्याने प्रत्यक्ष प्रमाण जास्त असणार, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यावरून ८० टक्के सिद्ध होत नाहीत. शिवाय सर्वांचा धोका सारखा नसतो, आणि गुन्ह्याविना जितकी वर्षे जातात तितका तो घटत जातो. शिक्षा कोणत्या गुन्ह्यासाठी झाली यावरूनच, सुटलेल्या लैंगिक गुन्हेगाराने सरकारी यादीत किती वर्षे नाव नोंदवून ठेवायचे ती मुदत ठरवणारा अमेरिकेचा २००६ चा ॲडम वॉल्श कायदा हा फरक फारसा जमेस धरत नाही.