सेव्हिलचे साडेचार

"बाबा, जुलैमध्ये स्पेन नको, सप्टेंबरात या," असं लेकीनं म्युनिकहून तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी मोठ्यानं हसलो. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता, त्या दिवशी भर दुपारी स्कूटरवरून इतवारीत चादरी आणायला गेलेला माणूस आहे मी. मला ऊन दाखवणार कोण, तर युरोपवाले? हिचं तर माहेर अकोल्याचं. अकोल्याच्या बाईला उन्हाबद्दल सावध करणं म्हणजे कोकणातल्या माणसाला "पाऊस येतोय बरं का" असं सांगणं. मे महिन्यात पेपर उघडला की आमच्या घरी रोज स्पर्धा लागते. "नागपूर ४५," मी म्हणतो. "अकोला ४६," ही म्हणते, आणि भावाला बढती मिळाल्यासारखं म्हणते.

मालागाचे तीन दिवस बरे गेले. भूमध्य समुद्रात पाय बुडवले, फोटो काढले, वाळूत हिची एक चप्पल गेली. मग रेल्वेनं आत सेव्हिलला आलो. समुद्राची हद्द संपली की आंदालुसियाचं, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण प्रांताचं, खरं रूप दिसतं. सेव्हिलच्या पूर्वेला एसिखा नावाचं गाव आहे, त्याला तिथलेच लोक 'आंदालुसियाचा तवा' म्हणतात. "म्हणजे त्यांचं अकोला," ही समाधानानं म्हणाली. खुद्द सेव्हिलनं तर २०२२ साली उष्णतेच्या लाटांना चक्रीवादळांसारखी नावं द्यायला सुरुवात केली. पहिल्या लाटेचं नाव होतं झोई. यावरही मी हसलो. आमच्याकडे नवतपा येतो तो नऊ दिवस राहतो, सगळ्यांना पुरून उरतो, आणि कोणी त्याचं बारसं करत नाही.

नागपूरकराचं उन्हाचं घड्याळ पक्कं असतं. बारा ते चार दारं-खिडक्या बंद, कूलरमध्ये पाणी, माणूस आडवा. साडेचारला चहा, मग बाहेर. या हिशेबानं मी घरूनच आल्कासार राजवाड्याची साडेचारची तिकिटं काढून ठेवली होती. उतरत्या उन्हात राजवाडा बघायचा, बागेत बसायचं. सकाळचे स्लॉट रिकामे असूनही साडेचारचा घेतला, हे मुद्दाम नमूद करतो.

आम्ही राहत होतो नदीपलीकडच्या त्रियानात, तिसऱ्या मजल्यावर. निघताना हिनं दुपट्टा गाडी चालवणाऱ्या नागपुरी पोरींसारखा डोळ्यांपर्यंत गुंडाळला आणि माझ्या झोळीत एक कांदा टाकला. लू लागू नये म्हणून. मालागाच्या बाजारातून खास आणलेला. "अगं, हा युरोप आहे," मी म्हणालो. "ऊन युरोपचं असो की मूर्तिजापूरचं," ही म्हणाली, आणि विषय संपला.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानं बंद, खिडक्यांच्या पट्ट्या खालपर्यंत सोडलेल्या. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा हिरवा क्रॉस चमकत होता: १६:०५, मग ४३, मग परत १६:०५, जणू दोन्ही आकडे मला नीट पाठ व्हावेत म्हणून. त्रियानाचा पूल लोखंडी, लांब, आणि त्यावर सावली नावाला नाही. पलीकडच्या सिग्नलवर सहा पर्यटक एका खांबाच्या सावलीत एकामागे एक उभे होते. खांब जेवढा जाड तेवढीच सावली, त्यामुळे रांग अगदी शिस्तीची. आम्ही सातवे-आठवे लागलो. माझा डावा खांदा बाहेर राहत होता, तो शेकला. नागपूर महापालिका उन्हाळ्यात सिग्नलवर हिरवी जाळी बांधते. तिच्याबद्दल आजवर बोललेलं सगळं मी तिथं मनातल्या मनात मागे घेतलं. सेव्हिलकरही काही गल्ल्यांवर छपरापासून छपरापर्यंत कापड ताणतात, पण आम्हाला जिथून जायचं होतं तिथं नेमकं नव्हतं.

आल्कासारच्या दारात झोळी तपासणीच्या यंत्रातून गेली आणि रक्षकानं मला बाजूला घेतलं. झोळीतून कांदा काढला. उलटसुलट केला. वास घेतला. मग माझ्याकडे बघून स्पॅनिशमध्ये एक लांबलचक प्रश्न विचारला. मला स्पॅनिशचे चारच शब्द येत होते: नमस्कार, धन्यवाद, पाणी आणि 'मांस नको'. यातून कांद्याचा खुलासा होईना. मग मी अभिनयावर आलो. सूर्याकडे बोट दाखवलं, कांदा कपाळाला लावला आणि ऊन लागलेला माणूस कसा कोसळतो ते करून दाखवलं. त्याला त्यातलं फक्त कोसळणं कळलं. तो धावत खुर्ची घेऊन आला. दुसऱ्यानं गार पाण्याची बाटली आणली, तिसरी वारा घालू लागली. रांगेतल्या लोकांनी वाट करून दिली.

"बघा," ही दुपट्ट्याआडून म्हणाली, "लागू पडला की नाही कांदा?"

आत गेल्यावर मात्र बोलती बंद झाली. जाड भिंती, फरशांचा गारवा, चौकाच्या मधोमध पाणी, कमानींची सावली. बांधणाऱ्यांनी ऊन अंगावर घेण्यात कसलीही मर्दुमकी मानलेली दिसत नव्हती. बागेत संत्र्याची झाडं होती, फळं अजून हिरवी. सेव्हिलचं संत्रं कडू असतं, मुरंब्यासाठी इंग्लंडला जातं. संत्रानगरीच्या माणसाला तेवढाच दिलासा.

लेकीला रात्री फोनवर सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग शिकवू लागली. भूगोलानं स्पेन लंडनच्या वेळेत बसतो, पण १९४० साली तिथला हुकूमशहा फ्रँको यानं घड्याळ तासभर पुढे नेलं, ते मागे आलंच नाही. वर उन्हाळ्याचा आणखी एक तास. त्यामुळे जुलैत सेव्हिलला सूर्य माथ्यावर येतो तो अडीच वाजता, आणि सर्वांत तापतं संध्याकाळी पाच-सहाला. "म्हणजे तुमचे साडेचार हे खरे दोन होते, बाबा." थोडक्यात, आगाऊ पैसे भरून, जागा राखून, मी बायकोला ऐन दोनच्या उन्हात पुलावरून चालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहाण्यासारखे वागलो. सकाळी नऊला बाहेर, एकला घरात. येताना वाटेत गास्पाचो घेतलं. टोमॅटो, काकडी, लसूण, शिरका, ऑलिव्ह तेल, सगळं वाटून गार केलेलं. "सार चांगलं आहे," ही म्हणाली, "फोडणी द्यायची विसरले." कांदा तिनं त्यातच चिरून घातला. घरात खिडकीशी बोतिखो होता. म्हणजे आपला माठच, वर मूठ आणि बाजूला चोच. माती पाझरते, पाझर वाळतो, आतलं पाणी गार. तोंड न लावता वरून धार धरायची. युरोपात येऊन एवढी एकच गोष्ट आम्हाला पहिल्या झटक्यात जमली.

पाच वाजता, पट्ट्या खाली सोडून, अंधारात एसीखाली पडलो असताना धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. नागपुरात साडेआठ वाजले होते. त्याच्यामागे मुसळधार पाऊस दिसत होता, हातात भज्यांची ताटली होती, आणि अंगात, डोळे चोळून बघितलं, स्वेटर होता.

"काहो भाऊ, इकडं तर गारठलो बाप्पा! तिकडं काय मस्त थंड असन ना?"

मी काहीतरी पुटपुटणार तेवढ्यात हिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. भावाला बढती मिळाल्यासारखं.