‘नार्निया’च्या दृश्याखाली फिरणारा खोटा इतिहास

‘द क्रॉनिकल्स ऑफ नार्निया’ या मालिकेतील २००५ सालच्या पहिल्या चित्रपटात एक रेल्वे स्थानकाचे दृश्य आहे. युद्धकाळात लंडनमधून खेड्यात निघालेल्या चार भावंडांच्या कोटांना आई नावाच्या चिठ्ठ्या लावते आणि त्यांना निरोप देते. हे दृश्य सध्या एका लांबलचक मराठी मजकुरासह कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरत आहे. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: १ सप्टेंबर १९३९ रोजी लंडनवर बॉम्ब पडत असताना सरकारच्या एका हुकमावर ब्रिटिश आयांनी तीन दिवसांत पंधरा लाख मुले खेड्यांत पाठवली, एकीनेही मूल परत आणले नाही, गावकऱ्यांनी सर्वांना पोटच्या पोरांसारखे वाढवले, एकाही मुलाला इजा झाली नाही, आणि दोन-तीन वर्षांचे असताना आईपासून दूर गेलेली हीच मुले सर्वांत कणखर निघाली, म्हणून आजच्या आयांनीही मुलांना लहानपणीच निवासी शाळेत घालावे.

हा मजकूर माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या सासरच्या गटात नाव घेऊन पाठवण्यात आला. तिचा मुलगा अजून पाच वर्षांचाही नाही. त्याला वसतिगृहात ठेवायला तिने नकार दिला आहे आणि तो नकार म्हणजे मनाचा दुबळेपणा आहे, हे सिद्ध करण्यासाठी इतिहासाचा हा दाखला पुढे करण्यात आला. दाखला द्यायचाच असेल, तर तो निदान खरा असावा.

तारखेपासूनच चूक आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजी मुलांच्या गाड्या सुटल्या तेव्हा ब्रिटनने युद्धही पुकारलेले नव्हते. ते ३ सप्टेंबरला पुकारले गेले, आणि लंडनवरील सलग बॉम्बवर्षाव ७ सप्टेंबर १९४० रोजी, म्हणजे वर्षभराने सुरू झाला. चित्रपटात आधी हवाई हल्ला आणि मग प्रवास दिसतो, पण त्याला दोष देता येणार नाही, कारण १९४० मधील हल्ल्यांच्या काळातही मुले शहराबाहेर पाठवली जात होती. मजकूर लिहिणाऱ्याने मात्र त्या दृश्यावर भलतीच तारीख चिकटवली आहे.

पंधरा लाखांचा आकडा अर्धा खरा आहे, हे मान्य करावे लागेल. पहिल्या काही दिवसांत साधारण तेवढी माणसे हलवली गेली, आणि नियोजन म्हणून ते काम थक्क करणारे होते. पण ती माणसे होती, सगळी मुले नव्हती. त्यांत शाळकरी मुले आठ लाखांच्या आसपास होती. उरलेल्यांत पाच वर्षांखालील मुले आणि त्यांच्या आया, गरोदर स्त्रिया, शिक्षक आणि मदतनीस होते.

या तपशिलापाशी थांबायला हवे, कारण मजकुरातला सर्वांत घातक दावा इथेच कोसळतो. मुलांना शहरांबाहेर हलवण्याच्या या सरकारी योजनेचा सर्वसाधारण नियम असा होता की, शाळकरी मुलांनी शिक्षकांबरोबर जावे आणि पाच वर्षांखालील मुलांनी आईबरोबर जावे. शहरांवर विषारी वायूचा मारा होईल अशी धास्ती बाळगणाऱ्या, मुलांच्या हाती वायूपासून बचावाचे मुखवटे देणाऱ्या त्या सरकारनेही दोन-तीन वर्षांच्या मुलांना आईवेगळे करण्याचा नियम केला नाही. ज्या धाडसाचे आज गोडवे गायले जात आहेत, ते धाडस त्या योजनेने केलेलेच नव्हते. चित्रपटातील भावंडांतही पाच वर्षांखालचे कोणी नाही, आणि ती चौघे एकमेकांसोबत आहेत.

काही लहान मुले आईविना राहिली, आणि त्यांचे काय झाले याची नोंदही त्याच काळात झाली. १६ डिसेंबर १९३९ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट या तीन डॉक्टरांचे पत्र प्रसिद्ध झाले. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईपासून दीर्घकाळ दूर ठेवण्यात गंभीर मानसिक धोके आहेत, असा त्यांचा स्पष्ट इशारा होता. पुढे अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धग्रस्त मुलांसाठी निवासी पाळणाघरे चालवली आणि तिथली निरीक्षणे १९४२ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. त्यांचा निष्कर्ष असा की, युद्धामुळे केवळ जिवाला धोका असतो किंवा हालअपेष्टा होतात तोवर लहान मूल ते बऱ्याच अंशी सोसते. कुटुंब तुटते आणि मूल त्याच्या पहिल्या मायेच्या माणसांपासून उखडले जाते, तेव्हा मात्र खरा आघात होतो. त्यांच्याकडची मुले ताटातुटीनंतर शिकलेल्या सवयी विसरत, अंथरूण ओले करू लागत. म्हणूनच त्यांनी आयांना कोणत्याही वेळी येऊन भेटण्याची मुभा दिली होती आणि मुलांचे छोटे गट करून प्रत्येक गटाला आईसारखी एकच ठरलेली स्त्री दिली होती. बॉम्बच्या छायेत राहणाऱ्या मुलांना पाहून काढलेला हा निष्कर्ष आहे, आणि मजकुरातील कणखरपणाच्या सिद्धान्ताच्या तो थेट विरुद्ध जातो. शांततेच्या काळात, डोक्यावर कोणतेही संकट नसताना, साडेचार वर्षांच्या मुलाला आईपासून तोडण्यासाठी याच इतिहासाचा आधार घेणे मला क्रूरपणाचे वाटते.

सरकारी हुकमाचे आणि ‘एकीनेही मूल परत आणले नाही’ हे, अशी दोन्ही विधाने तर सरळ खोटी आहेत. मुलांना पाठवणे ऐच्छिक होते, आणि असंख्य पालकांनी त्यांना पाठवलेच नाही. जी गेली, त्यांपैकी जवळपास निम्मी जानेवारी १९४० पर्यंत घरी परतली होती. मुले आहेत तिथेच राहू द्या, अशी आयांना विनवणी करणारी भित्तिपत्रके सरकारला छापावी लागली. एका भित्तिपत्रकात तर मुलांना परत घेऊन जा असे आईच्या कानात सांगणारा हिटलर दाखवला आहे. परत आणणाऱ्या आया नसत्या, तर ही भित्तिपत्रके कोणासाठी होती?

गावकऱ्यांविषयी थोडक्यात सांगते. सक्ती असलीच तर ती घर देणाऱ्यांवर होती. एका मुलामागे आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स, आणि एकाहून अधिक मुले असल्यास प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स मिळत. अनेक ठिकाणी गावातल्या सभागृहात मुले ओळीने उभी राहत आणि यजमान त्यांतून निवड करत. भावंडांची ताटातूट होई. काही मुलांना खरोखर माया मिळाली आणि शहरात मिळत नसे असे अन्नही मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. काहींच्या वाट्याला मारहाण आणि उपेक्षा आली, हेही तितकेच खरे आहे.

राहिले ‘एकाही मुलाला इजा झाली नाही’ हे विधान. मुलांना समुद्रापार पाठवण्याचीही एक सरकारी योजना होती. तिच्यातली ९० मुले कॅनडाला घेऊन निघालेले ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री जर्मन पाणबुडीने बुडवले आणि त्यांपैकी ७७ मुले मरण पावली. जहाजावरचे अनेक भारतीय खलाशीही त्या रात्री गेले. सहा मुलगे असलेली एक होडी आठ दिवसांनी सापडली, आणि तिच्यात जिवंत राहिलेल्यांत बहुसंख्य हे भारतीय खलाशीच होते. या दुर्घटनेनंतर सरकारने मुलांना परदेशी पाठवणे थांबवले. ज्यांनी ज्या गटात हा मजकूर पाठवला आहे, त्यांनी निदान त्या ७७ मुलांचा उल्लेख त्याच गटात करावा.