दूध पुरतंय की नाही हे कशावरून ठरवायचं : एका आजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकू,

तुमचा राग माझ्यापर्यंत पोचला. घरात तान्हं बाळ रडतंय आणि त्याला मांडीवर घेऊन आपली मुलगीही रडतेय, अशा वेळी कुणाचाही धीर सुटेल. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकूंची मुलगी बाळंत होऊन अकरा दिवस झालेत. बाळ संध्याकाळपासून दर अर्ध्या तासाला अंगावर मागतं. पाजून झाल्यावर पंप लावला, तर दोन्हीकडचं मिळून जेमतेम २५ मिलि निघालं. मग बाटली दिली, तर ४० मिलि गटागट प्यायलं. आठवड्यापूर्वी दगडासारखे झालेले स्तन आता मऊ पडलेत. इतकं सगळं दिसत असताना ‘बहुतेक आयांना दूध पुरतं’ असं माझ्या लेखात लिहून मी मुलींना हट्टी बनवते, त्या वरचं दूध द्यायला तयार होत नाहीत आणि बाळ उपाशी राहतं, असं काकूंचं म्हणणं आहे. शेवटी त्यांनी दूध वाढवायच्या गोळ्यांबद्दलही विचारलंय.

आधी मी एक विचारते, कारण पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे. बाळाचं वजन किती आहे? जन्मतः किती होतं, घटून किती झालं, आणि या दोन दिवसांत केलं असेल तर किती भरलं? चोवीस तासांत शू किती वेळा होते? शी किती वेळा आणि कोणत्या रंगाची? तुम्ही इतकं बारकाईने लिहिलंत, पण हे त्यात कुठेच नाही. आणि दूध पोटात जातंय की नाही हे खात्रीने सांगणाऱ्या गोष्टी याच आहेत.

जन्मानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन घटतं. साधारण ७ टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची. १० टक्क्यांच्या वर गेली तर बाळाला लगेच तपासायला हवं. त्यानंतर वजन वाढायला लागतं आणि दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्माच्या वजनावर परत येतं. पुढचे तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ व्हावी. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा वेळा भरपूर, फिकट रंगाची शू व्हायला हवी. शी पहिले दोन दिवस काळी आणि चिकट असते, मग हिरवट होते, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ व्हायला हवी. अकराव्या दिवशीही शी काळपट किंवा हिरवट असेल, डायपरवर विटकरी डाग पडत असतील, किंवा शू दिवसातून तीन-चारदाच होत असेल, तर दूध कमी जातंय असं मीही म्हणेन. वजन नेहमी त्याच काट्यावर, कपडे काढून करा. दोन काट्यांमधल्या फरकानेच घरं घाबरून जातात.

आणि बाळ पाजायच्या वेळेला उठतच नसेल, छातीशी घेतल्याबरोबर झोपत असेल, मलूल वाटत असेल, तोंड कोरडं पडलं असेल, डोक्यावरची टाळू खोल गेली असेल, ताप असेल किंवा कावीळ वाढत असेल, तर माझा लेख बाजूला ठेवा आणि आत्ता डॉक्टरांकडे जा. अशा बाळाला आधी दूध मिळालं पाहिजे, ते कुठलंही असो. एक गोष्ट आवर्जून सांगते, की खूप रडणाऱ्या बाळापेक्षा मला गप्प, सारखं झोपणारं बाळ जास्त काळजीत टाकतं. ‘किती शहाणं आहे, त्रास देत नाही’ असं ज्याचं कौतुक होतं, ते कधीकधी रडायलाही त्राण नसलेलं बाळ असतं.

आता तुम्ही दिलेली लक्षणं. त्यांतलं एकही तुम्ही मनाने रचलेलं नाही. पण ही सगळी लक्षणं भरपूर दूध मिळणाऱ्या बाळातही दिसतात आणि कमी मिळणाऱ्या बाळातही, त्यामुळे त्यांवरून निकाल देता येत नाही.

स्तन मऊ पडले ते बहुतेक वेळा दूध आटल्यामुळे नसतं. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक एकदम खाली येतं आणि साधारण दोन ते चार दिवसांत दूध भरून येतं. त्या वेळचा दगडासारखा कडकपणा नुसत्या दुधाचा नसतो, तिथे वाढलेला रक्तप्रवाह आणि साठलेलं पाणीही त्यात असतं. ही सूज उतरली की स्तन मऊ होतात, आणि अकराव्या दिवशी तसं होणं अगदी अपेक्षित आहे.

पंपाचं म्हणाल, तर २५ मिलि कधी निघालं ते बघा. बाळ पिऊन झाल्यावर. म्हणजे बाळाने घेतलं त्यानंतरची ती शिल्लक आहे! शिवाय पंपाने पान्हा फुटतोच असं नाही. यंत्राचं तोंड मापाचं नसेल, आई ताणात असेल, सगळे बाटलीकडे टक लावून बसले असतील, तर कमी निघतं. भरपूर दूध असलेल्या बायकांचंही पंपावर थोडंच निघतं, हे मी स्तनपानाचा सल्ला देताना नेहमी बघते.

बाटलीचा मुद्दा सगळ्यात फसवा, आणि दूध कमी आहे असं घरोघरी ठरतं ते बहुधा त्यावरूनच. नवजात बाळाच्या टाळ्याला काही टेकलं की ते चोखायला लागतं, ती त्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. बाटलीतून दूध आपोआप तोंडात येतं, मग ते गिळावंच लागतं. म्हणून पोट भरलेलं बाळही ४० मिलि पिऊ शकतं, आणि पिऊन गाढ झोपतं. हो, उपाशी बाळही असंच पिईल. तुमचं बाळ या दोघांपैकी कोणतं हे बाटली सांगत नाही.

संध्याकाळचं सारखं पिणं आईला अगदी रडकुंडीला आणतं. या वयाची बाळं चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितात, आणि त्यातल्या कितीतरी वेळा संध्याकाळी लागोपाठ येतात. पहिल्या दिवशी चिकाचे जेमतेम काही चमचे पिणारं बाळ महिनाभरात दिवसाला सरासरी ७५० मिलिच्या आसपास पोचतं. ही वाढ याच आठवड्यांत व्हायची असते. स्तन भरलेला राहिला की दूध बनण्याचा वेग मंदावतो, रिकामा झाला की वाढतो. बाळ सारखं पिऊन हेच करत असतं. त्याच वेळी आपण बाटली दिली, बाळ तीन तास झोपलं, आईनेही दूध काढलं नाही, तर स्तनांना कमी दूध लागतंय असाच निरोप जातो. दुसऱ्या दिवशी थोडं कमी बनतं, मग बाटली वाढते. सुरुवातीला नसलेला दुधाचा तुटवडा असा दोन-तीन आठवड्यांत खरोखर उभा राहतो. माझा आक्षेप आहे तो तपासल्याशिवाय सुरू होणाऱ्या या चक्राला. वरच्या दुधाला विष म्हणणारे लोक आहेत, मी त्यांच्यातली नाही.

कारण काही आयांना खरंच दूध कमी येतं, आणि त्यांना ‘पाजत राहा, येईल’ एवढंच सांगून घरी पाठवणं क्रूरपणा आहे. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला होता का? वारेचा तुकडा आत राहिल्याची शंका होती का? थायरॉइड, पीसीओएस (बीजकोशांचा संप्रेरकांशी संबंधित विकार), मधुमेह? स्तनांवर पूर्वी शस्त्रक्रिया? गरोदरपणात स्तनांमध्ये काहीच बदल जाणवला नव्हता का? इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी किंवा स्यूडोएफेड्रिन असलेलं सर्दीचं औषध चालू आहे का? यांतल्या एकालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कधी दूध असतं पण बाळ ते काढू शकत नाही. तीन-चार आठवडे आधी जन्मलेलं बाळ लवकर दमतं, कावीळ झालेलं पेंगतं, जिभेखालचा पडदा आखूड असला तर पकड नीट बसत नाही.

पकड तुम्ही स्वतः बघू शकता. तोंड मोठं उघडलेलं हवं, नुसतं बोंड नाही तर भोवतालचा काळा भागही बराचसा आत हवा, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. पान्हा फुटल्यावर एक-दोन चोखण्यांनंतर हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते आणि गिळल्याचा हलका आवाज येतो. तो थांबा दिसतोय म्हणजे दूध जातंय. नुसतं भराभर चोखणं चाललंय, गिळणं दिसत नाही, तर मुलीला स्तन हाताने हलकेच दाबून धरायला सांगा, आणि तरीही गिळत नसेल तर दुसऱ्या बाजूला घ्या. पाजताना पूर्ण वेळ दुखत असेल तर पकड चुकतेय. सहन कर म्हणू नका, स्तनपान सल्लागाराला दाखवा.

वजन कमी भरलं तर वरचं दूध जरूर द्या, आणि मुलीलाही माझ्या नावाने सांगा की त्यात हार काहीच नाही. आधी तिचंच काढलेलं दूध द्या, ते कमी पडलं तर फॉर्म्युला, डॉक्टर सांगतील तेवढा. पावडर आणि पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच ठेवा, पुरवायला म्हणून पाणी वाढवू नका. आधी अंगावर, मग वरचं. वाटी-चमच्याने द्या, किंवा बाटली असेल तर बाळाला उभट धरून, बाटली आडवी ठेवून, मध्ये मध्ये थांबत. आणि जितक्या वेळा वरचं दिलं जाईल तितक्या वेळा मुलीने हाताने किंवा पंपाने दूध काढायचं. रात्रीचं एखादं तरी पाजणं सोडू नका, दूध बनवणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्री जास्त असतं. वजन सावरलं की वरचं दूध हळूहळू कमी करता येतं. काहींचं पूर्ण बंद होतं. काही आया शेवटपर्यंत दोन्ही देतात आणि त्यांची बाळं छान वाढतात.

मुलगी ढसाढसा रडते असं तुम्ही लिहिलंय, त्याची मला बाळाच्या वजनाइतकीच काळजी वाटते. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस भरून येतं, ते ओसरतं. दोन आठवडे उलटूनही रडू थांबलं नाही, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप लागत नसेल किंवा तिला सगळं नकोसं वाटत असेल, तर तिच्यासाठीही डॉक्टर गाठा. तोवर तिच्यासमोर ‘तुला दूधच नाही’ हे वाक्य कुणी उच्चारू नये, एवढं घरात तुम्हीच बघू शकता. खूप ताणात पान्हा फुटायला वेळ लागतो, दूध आत असूनही.

राहिल्या गोळ्या. स्तन वारंवार रिकामे होत नसतील तर कोणतीही गोळी दूध वाढवू शकत नाही. या कामासाठी दिल्या जाणाऱ्या एका औषधाचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, दुसऱ्याने मन खचू शकतं, आणि सध्या तुमच्या मुलीला तेच नको आहे. डॉक्टरांनी तपासून, तिची बाकीची औषधं विचारून लिहून दिली तर घ्या. दुकानातून स्वतः आणून देऊ नका.