स्टिअरिंग माझ्याच हातात ठेवणारी माणसं

मोठी गाडी, म्हणजे मालाचा ट्रेलर, चालवायला लागून मला आता अकरा महिने झालेत. हे लिहायचं कधीपासून डोक्यात होतं पण फेरीवरून आलं की अंग टाकायचं आणि उठलं की परत निघायचं, त्यात राहूनच जात होतं. आज गाडी कामासाठी उभी आहे, म्हणून बसलोय लिहायला. पोस्ट लांबलीय, वेळ मिळेल तशी वाचा.

ह्या लाईनमध्ये येताना जवळजवळ प्रत्येकानं मला एकच सांगितलं होतं, की रस्त्यावर कुणी कुणाचं नसतं, स्वतःचं स्वतः बघायचं. अकरा महिन्यांत मला तरी तसं दिसलं नाही. इतक्या अनोळखी माणसांनी मदत केलीय की सगळ्यांचे चेहरेसुद्धा आता आठवत नाहीत, आणि ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. पण ह्या सगळ्यातून एक गोष्ट कळली ती सांगायचीय. मदत दोन तऱ्हेची असते. एकीत समोरचा तुमचं काम करून टाकतो आणि दुसरीत तो तुमच्याजवळ उभा राहतो पण काम तुमच्याच हातात ठेवतो. नवीन माणसाला ही दुसरी मदत जास्त लागते आणि तीच कमी मिळते.

एकट्यानं गाडी घेऊन निघालो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. माल खाली करायला ट्रेलर रिव्हर्समध्ये डॉकला, म्हणजे गोडाऊनच्या माल उतरवायच्या ओट्याला, लावायचा होता. ज्यांनी ट्रेलर कधी मागे घेतला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मागची शेपूट ज्या बाजूला न्यायची त्याच्या उलट बाजूला स्टिअरिंग फिरवावं लागतं, आणि एकदा का शेपूट वळायला लागली की लगेच स्टिअरिंग परत आणून तिच्या मागे जावं लागतं, नाहीतर पुढची गाडी आणि ट्रेलर कात्रीसारखे दुमडत जातात. त्यात ज्या बाजूला ड्रायव्हर बसत नाही त्या बाजूचं आरशात धड काही दिसत नाही. छोट्या गाडीवर दहा वर्षं काढलेला माणूस मी, आणि हात इकडे फिरवला की गाडी तिकडे जातेय हे डोक्यात बसतच नव्हतं. मागे दोन गाड्या थांबलेल्या, हॉर्न सुरू, पाठीला घामाची धार. तेवढ्यात मागच्या गाडीतला एकजण उतरून आला, दार उघडलं आणि म्हणाला, "उतर, मी लावतो." आणि खरंच एका मिनिटात लावली. मी हात जोडले त्याला. तो हसला, पाठीवर थाप मारली आणि गेला.

माणूस चांगलाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गोडाऊनवर मी परत तिथंच, तसाच अडकलेलो, उलट आदल्या दिवसापेक्षा जास्त घाबरलेला, कारण आता मनात पक्कं बसलं होतं की हे आपल्याला जमणारं काम नाही.

त्या दुसऱ्या दिवशी जे काका आले (वडिलांच्या वयाचे असतील) त्यांनी दाराला हातसुद्धा लावला नाही. समोर येऊन फक्त हात वर करून थांब अशी खूण केली आणि म्हणाले, "आधी हँडब्रेक ओढ. आता उतर आणि बघ." मला घेऊन गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. इथं खांब आहे, इथं खड्डा आहे, तुझं मागचं चाक इथून वळायला पाहिजे, असं चालत चालत दाखवलं. मग मागे थांबलेल्या गाड्यांकडे गेले, त्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक पण हॉर्न बंद झाले. परत आले आणि खिडकीखाली उभं राहून म्हणाले, "स्टिअरिंग खालून धर, सहाच्या काट्यावर. आता हात ज्या बाजूला नेशील त्या बाजूला शेपूट जाईल. एवढंच लक्षात ठेव." एवढंच! वरून धरलं की सगळं उलटं वाटतं आणि खालून धरलं की हात आणि ट्रेलर एकाच दिशेला जातात. दोन आठवडे डोक्यात न शिरलेली गोष्ट एका वाक्यात शिरली. तरी मला सहा वेळा पुढे-मागे करावं लागलं, वीसेक मिनिटं गेली असतील, आणि ते तेवढा वेळ माझ्या आरशात दिसतील अशाच जागी उभे होते. मधे एकदा फक्त म्हणाले, "मी आरशात दिसलो नाही की तिथंच थांबायचं, एक इंचही हलायचं नाही."

त्यांनाही त्यांचा माल पोचवायचा होता, त्यांचंही घड्याळ चालूच होतं. ती वीस मिनिटं मी रोज वापरतो.

आता कुणी म्हणेल की पहिल्यानंही मदतच केली, तू उगाच भेद करतोयस. पण मला खरंच वाटतं की घाईत केलेल्या मदतीमध्ये समोरच्याची अडचण संपण्यापेक्षा आपली अडचण संपणं जास्त असतं. रस्ता मोकळा झाला, संपलं. ती वाईट नाही, कधीकधी तीच करावी लागते, गाडी रुळांवर अडकलीय तेव्हा शिकवत बसायचं नसतं. पण शिकणाऱ्याला वेळ देणं, आणि तेही मागे हॉर्न वाजत असताना, ह्याला फार मोठं मन लागतं.

घाट उतरायला ज्यांनी शिकवलं ते माझे उस्ताद, त्यांच्यावर तर वेगळं लिहायला पाहिजे. पहिल्यांदा भरलेली गाडी घेऊन उतारावर आलो तेव्हा ते बाजूच्या सीटवर होते. त्यांचा नियम एकच, गिअर खाली घ्यायचा तो उतार सुरू व्हायच्या आधी. एकदा वेग वाढला की मग गिअर पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये सापडते आणि नुसत्या ब्रेकवर सगळं वजन येतं. ब्रेक सतत दाबून ठेवला की चाकातला ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरची पकड कमी होते, पेडल दाबत राहता आणि गाडी थांबत नाही. हे सगळं मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या दिवशी समोर वळण आल्यावर पाय आपोआप ब्रेकवर जाऊन बसला तो उठेचना. उस्ताद ओरडले नाहीत. स्टिअरिंगला हात घातला नाही. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "दाब, वेग उतरव, आणि सोड. त्याला श्वास घेऊ दे." परत, "दाब. आता सोड." खाली पोचेपर्यंत तेवढंच. सपाटीला गाडी बाजूला घेतली तेव्हा मी बघितलं, त्यांच्या उजव्या हाताची मूठ गच्च आवळलेली होती. घाबरले होते तेही, आणि ती भीती त्यांनी माझ्यापर्यंत येऊ दिली नाही. ह्याला मी काय म्हणू?

नंतर एकदा आम्ही इंजिन ब्रेकबद्दल बोलत होतो तेव्हा क्लेसी कमिन्सबद्दल मी वाचून त्यांना सांगितलं, डिझेल इंजिनवाला कमिन्स, अमेरिकेतला. १९३१ मध्ये तो स्वतः ट्रकमध्ये होता, कॅलिफोर्नियातल्या कॅहोन पास नावाच्या घाटाच्या उतारावर ब्रेक हाताबाहेर गेले आणि पुढे रेल्वे क्रॉसिंगवर मालगाडी जात होती, थोडक्यात वाचला. ती भीती त्याच्या मनातून गेली नाही. कितीतरी वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, त्यानं इंजिनच गाडीला धरून ठेवेल असा ब्रेक तयार केला आणि १९६१ पासून तो जेकब्स नावाच्या कंपनीनं बनवून विकायला सुरुवात केली. उस्ताद सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे त्या माणसालाही कधीतरी पाय उचलता आला नव्हता." मला ते वाक्य फार लागलं. तेव्हापासून उतारावर इंजिन ब्रेकचं बटण दाबताना मला त्या कमिन्सची आठवण येते, मनातल्या मनात आभार मानतो. सीटबेल्ट लावतानाही तसंच. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिननं तीन ठिकाणी अडकणारा पट्टा बनवला आणि कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांना वापरायला खुलं ठेवलं. जो पट्टा आपण कंटाळा करून मागे सरकवून ठेवतो तो कुणीतरी आपल्याला असाच देऊन टाकलेला आहे. लावा रे बाबांनो, खरंच लावा.

आता जरा कडू बोलतो, कारण कृतज्ञतेबद्दल लिहायचं आणि हे टाळायचं म्हणजे अर्धंच लिहिल्यासारखं होईल.

मला कामावर घेताना एका माणसानं शब्द टाकला होता. अनुभव नसलेल्याला कुणी गाडी देत नाही, त्यानं द्यायला लावली, ते मी विसरलेलो नाही. पण चौथ्या महिन्यात असं झालं की मी पहाटेपासून जागा, दिवसभर गाडी चालवून, माल उतरवून रात्री आलो आणि तो म्हणाला लगेच दुसरी फेरी घेऊन जा. मी म्हटलं डोळे मिटतायत. तर म्हणाला, "तुला कुणी उभं करत नव्हतं तेव्हा मी केलं, विसरलास एवढ्यात?" आणि मी गेलो. उपकाराचं ओझं इतकं होतं की नाही म्हणता आलं नाही. वाटेत कधीतरी दोन-चार सेकंद मी नव्हतोच. म्हणजे डोळे उघडे असतील, पण मधला रस्ता आठवत नाही. चाक रस्त्याच्या कडेला लागून खडखड झाली तेव्हा जाग आली. गाडी बाजूला लावली आणि केबिनमध्ये बराच वेळ नुसता थरथरत बसलो.

सलग १७ तास जागं राहिलं की माणसाची अवस्था रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी होते, आणि २४ तास जागं राहिलं की ०.१० टक्के असल्यासारखी, हे अभ्यास करून मोजलेलं आहे. युरोपमध्ये साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, अमेरिकेत माल वाहणाऱ्याला दहा तासांच्या विश्रांतीनंतर ११ तासच चालवता येतं. हे नियम ड्रायव्हर आळशी असतात म्हणून केलेले नाहीत. मी दारू पिऊन गाडीवर बसलो असतो तर त्याच माणसानं मला खाली ओढलं असतं ना? मग झोपेचं काय?

त्या रात्रीनंतर मी एक ठरवलं. ज्यानं माझ्यासाठी काही केलं त्याच्याबद्दल मनात कायम चांगलं ठेवीन, त्याच्या अडीअडचणीला धावेन, पण त्याची परतफेड रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या जिवानं करणार नाही. पुढच्या वेळी तसंच सांगितलं, हात जोडून, आवाज न चढवता. तो आठ दिवस बोलला नाही. मग बोलायला लागला. नवीन पोरांना मला हेच सांगायचंय की नाही म्हणणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. मदत करणारा मदत झाल्यावर ती विसरतो, तुम्हाला आठवण करून देत बसत नाही. निदान मला भेटलेली चांगली माणसं तरी सगळी तशीच होती.

जसा तो सिक्युरिटीवाला. रात्री अडीच वाजता पोचलो, गेट सकाळी उघडणार, बाहेर रस्त्यावर उभं राहायला जागा नाही. त्यानं आत भिंतीकडेला गाडी लावू दिली, आणि सकाळी माझा नंबर यायच्या दहा मिनिटं आधी दारावर टकटक करून उठवलं. माझं नावही विचारलं नाही त्यानं. किंवा माल उतरवणारे ते दोघं, ताडपत्रीची दोरी मी चुकीची बांधली होती म्हणून माल एका बाजूला सरकला होता, त्यांनी मालकाला सांगितलं नाही, मला बाजूला घेऊन गाठ कशी मारायची ते तीनदा करून दाखवलं आणि चौथ्यांदा माझ्याकडून करून घेतली.

आणि कार चालवणारेसुद्धा, हो! भरलेला मोठा ट्रेलर ताशी साधारण १०५ किलोमीटरला असेल तर थांबायला त्याला १६० मीटरच्या आसपास रस्ता लागतो, कारला त्याच वेगात शंभराच्या आत. म्हणजे माझ्यापुढे जी मोकळी जागा दिसते ती रिकामी नसते, तो माझा ब्रेक असतो. बहुतेक लोक त्यात घुसतात. पण एखादा घुसत नाही, थांबतो, मला पूर्ण पुढे जाऊ देतो आणि मग मागून येतो. त्याला मी इंडिकेटर एकदा इकडे एकदा तिकडे दाखवून धन्यवाद म्हणतो. त्याला कळतं की नाही माहीत नाही. मी म्हणतो.

त्या रिव्हर्सवाल्या काकांना मात्र मी धन्यवाद म्हटलंच नाही. गाडी लागली तेव्हा इतका हलका झालो होतो की कागद घेऊन सरळ ऑफिसात पळालो, परत आलो तोवर त्यांची गाडी निघून गेलेली. गाडीचा नंबरसुद्धा बघितला नव्हता.

मागच्या आठवड्यात एका ठिकाणी मी नंबर लावून उभा होतो. पुढे एक नवीन पोरगा, विशीतला, ट्रेलर तिसऱ्यांदा वाकडा गेलेला, मागे हॉर्न. मला उशीर झाला होता, खरंच उशीर झाला होता. मी उतरून गेलो आणि माझा हात त्याच्या दाराच्या हँडलवर होता. "उतर, मी लावतो" हे शब्द अगदी ओठावर आले होते. हात काढून घेतला आणि मागच्या गाड्यांना थांबा म्हणून सांगून आलो. मग त्याच्या आरशात दिसेन असा उभा राहिलो. पाचव्या खेपेला गाडी लागायला आली, फूटभर राहिली असेल, मी हातानं ये ये म्हणून खुणावत होतो, तर तो थांबला. हँडब्रेकचा फुस्स आवाज आला. दार उघडून खाली उतरला, माझ्या बाजूनं मागे गेला आणि वाकून दोन्ही बाजूंचं अंतर स्वतःच्या डोळ्यानं बघून आला.