पाणबुडीचा उंबरठा

आमच्या नागपुरातून कोणत्याही दिशेने निघाले, तरी समुद्र दिसायला एक रात्र रेल्वेत काढावी लागते. फुटाळा तलावाच्या काठाला आम्ही चौपाटी म्हणतो आणि तिथे मक्याचे कणीस खाताना पलीकडचा काठ दिसत नाही, अशी स्वतःची समजूत घालून घेतो. अशा गावातल्या माणसाने युद्धनौकांचा नाद लावून घेऊ नये, हे मला मान्य आहे. परंतु तो लहानपणीच लागला आणि लग्नानंतरही सुटला नाही. लग्न ठरल्यावर पत्नीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मी जे एकमेव वचन दिले होते, तेही दागिन्याचे नसून ‘विक्रांत’ दाखवण्याचे होते. ते पत्र तिने अजून जपून ठेवले आहे. प्रेमापोटी नव्हे, पुरावा म्हणून.

‘विक्रांत’ ही भारताची पहिली विमानवाहू नौका. १९६१ साली ती नौदलात आली, १९९७ साली निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. त्यानंतरच्या दहा-अकरा वर्षांत आम्ही मुंबईला तीनदा गेलो. पहिल्या खेपेस चुलत मेहुण्याचे लग्न होते, दुसऱ्या खेपेस माझी दाढ दुखत होती आणि तिसऱ्या खेपेस दादरला साड्यांचा सेल होता. दर वेळी मी “पुढच्या खेपेला नक्की” असे म्हणालो. पुढे नौका धोकादायक झाली म्हणून २०१२ साली ते संग्रहालय बंद झाले आणि २०१४ साली नौकाच भंगारात निघाली. तेव्हापासून मी नळाच्या गळक्या तोटीविषयी जरी “पुढच्या आठवड्यात बघू” म्हणालो, तरी पत्नी शांतपणे “विक्रांत” एवढा एकच शब्द उच्चारते.

त्यामुळे यंदा मे महिन्यात कन्येने समुद्र बघण्याचा हट्ट धरला, तेव्हा मी तत्परतेने विशाखापट्टणमचे नाव सुचवले. तिथल्या रामकृष्ण बीचच्या वाळूवर ‘कुरसुरा’ नावाची अख्खी पाणबुडी संग्रहालय करून ठेवलेली आहे, ही गोष्ट मात्र समता एक्स्प्रेसची चार तिकिटे हाती येईपर्यंत मी कोणालाही सांगितली नाही. चौथे तिकीट सासूबाईंचे होते. त्यांचे वय चौऱ्याहत्तर असून त्या नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यात एकट्या राहतात, आणि समुद्र बघायला जायचे म्हटल्यावर “कुरोड्या अर्ध्यावर टाकून कशी येऊ बाप्पा?” एवढीच त्यांची अडचण होती (कुरोड्या म्हणजे उन्हात वाळवायच्या कुरडया). ती शेजाऱ्यांच्या मुलावर सोपवून त्या निघाल्या.

नागपूरकराला आपल्या उन्हाळ्याचा सूक्ष्म गर्व असतो. सेहेचाळीस अंशांत खरबूज आणायला बाहेर पडणाऱ्या माणसाला चौतीस अंशांचे विशाखापट्टणम काय करणार, असा माझा हिशेब होता. तो सकाळी नऊ वाजता चुकला. आमच्याकडची हवा कोरडी असल्यामुळे घाम आल्या पावली उडून जातो आणि जाताना अंग गार करतो. कूलर चालतो तोही याच तत्त्वावर. इथे हवाच आधी पाण्याने भरलेली असल्यामुळे घामाला उडून जायला जागा नव्हती आणि तो पाहुण्यासारखा माझ्याकडेच मुक्काम करून राहिला. सासूबाईंनी हवेत हात फिरवून पाहिला आणि या शहराविषयीचा आपला निर्णय दिला, “इथं कुरोड्या वाळायच्या नाहीत.” त्यानंतर त्यांनी समुद्राकडे दोन मिनिटे पाहिले आणि बसायला सावली कुठे आहे, असे विचारले. सावली पाणबुडीचीच तेवढी होती.

या क्षणासाठी मी महिनाभर तयारी केली होती. माझ्या वहीत पाणबुडीची लांबी होती (९१ मीटर), ती सोव्हिएत बनावटीची असून १८ डिसेंबर १९६९ रोजी नौदलात दाखल झाल्याची नोंद होती, १९७१ च्या युद्धातील तिची गस्त होती, २००१ सालची निवृत्ती आणि २००२ साली तिला वाळूवर ओढून आणल्याची हकिगत होती. कुटुंबाला प्रत्येक कप्प्यात थांबवून मी हे सर्व टप्प्याटप्प्याने सांगणार होतो. पहिला कप्पा पाणतीरांचा, म्हणजे टॉर्पेडोंचा निघाला. समोर सहा आणि मागे चार, अशा दहा नळ्या या पाणबुडीला आहेत, असे सांगण्यासाठी मी घसा साफ केला, तेवढ्यात तिथल्या वाटाड्याने तेच वाक्य माझ्यापेक्षा खणखणीत आवाजात हिंदीतून म्हटले. ते नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ होते आणि वही न बघता बोलत होते. मी वही खिशात घातली.

पाणबुडीत एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला दार नसते. पोलादी भिंतीत एक गोल भोक असते. एखाद्या कप्प्यात पाणी शिरले, तर ते भोक जाड झाकणाने बंद करून बाकीची पाणबुडी वाचवता यावी, म्हणून ते शक्य तितके लहान ठेवलेले असते. हे कारण मला पूर्ण माहीत होते, परंतु कारण माहीत असल्याने भोक मोठे होत नाही. मी आधी डोके घातले, मग खांदे घातले, आणि आता पाय कुठून आणावेत याचा विचार करीत त्या चौकटीत आडवा राहिलो. माझी बँकेतली सव्वीस वर्षांची बैठी नोकरी अलीकडच्या कप्प्यात होती आणि चष्मा पलीकडच्या. मागून तेलुगूत काहीतरी विचारले गेले, त्यावर बरेच लोक हसले. वाटाड्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला मागे घेतले आणि “पहले पैर, साहब, बाद में सर” असे समजावून सांगितले. मी पाय टाकला, डोके वर घेतले आणि वरच्या कडेचा जो आवाज झाला, तो ऐकून, पाण्याखाली आवाजाने शोध घेणाऱ्या यंत्रणेचे नाव घेत कन्या म्हणाली, “बाबा, सोनार.”

माझ्यामागे सासूबाई होत्या. हातात पिशवी, अंगावर सुती पातळ. वाटाडे त्यांना आधार द्यायला पुढे झाले, पण त्यांनी पदर कमरेला खोचला, उजवा पाय भोकापलीकडे ठेवला, मान खाली घातली आणि माजघरातून स्वयंपाकघरात जावे तशा त्या पलीकडे गेल्या. थांबल्या नाहीत, कशाला धरले नाही, पिशवीसुद्धा कडेला घासली नाही. मला ते नंतर उमगले. त्यांच्या महालातल्या वाड्याची दारे साडेचार फुटांची आणि उंबरे वीतभर उंच आहेत. बावन्न वर्षे त्या घरात हंडे, परडे आणि पोरे कडेवर घेऊन वावरलेल्या बाईचे शरीर चौकट दिसताच आपोआप वाकते. त्याच दारांना माझे कपाळ दर दिवाळीला लागते आणि त्या “जावईबापू, वाका नं!” असे म्हणतात. हे वाक्य पाणबुडीच्या उरलेल्या प्रत्येक भोकापाशी त्यांनी म्हटले.

पाणबुडीतला स्वयंपाकघराचा कोनाडा आला, तेव्हा तर दौऱ्याची सूत्रे पूर्णपणे त्यांच्याकडे गेली. शिधा कुठे ठेवत, फोडणीचा धूर कुठून जाई, पाणी किती मिळे, असे प्रश्न त्यांनी अस्सल नागपुरी हिंदीत विचारले आणि वाटाडे खुलून उत्तरे देऊ लागले. गोडे पाणी पिण्यापुरतेच जपावे लागे आणि आंघोळीची चैन परवडत नसे, हे ऐकून त्यांनी “बिचारे” म्हटले. ते नौसैनिकांना उद्देशून होते की त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यांना, हे कळले नाही. सुमारे पंचाहत्तर माणसांचा स्वयंपाक एवढ्याशा जागेत करणाऱ्याची त्यांनी विशेष चौकशी केली. पाणतीरांविषयी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. “ते काय, सोडले की संपले,” असे त्यांचे मत पडले.

बाहेर आल्यावर, कपाळावर थंड पाण्याची बाटली धरून, मी माझा शेवटचा हुकमी एक्का काढला. पत्नीला म्हणालो, की विक्रांत दाखवायची राहिली खरी; पण विक्रांतची सर्वांत रंजक गोष्ट याच किनाऱ्यासमोर घडलेली आहे. १९७१ च्या नोव्हेंबरात पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी विक्रांतला बुडवायला कराचीहून इकडे आली. विक्रांत तेव्हा दूर अंदमानात दडवून ठेवलेली होती आणि तिच्याऐवजी ‘राजपूत’ ही जुनी विनाशिका इथून विक्रांतच्या नावाने बिनतारी संदेश पाठवीत होती. हेरांना खरे वाटावे, म्हणून विक्रांतसारख्या मोठ्या नौकेला पुरेल एवढे मांस आणि भाजीपाला इथल्या पुरवठादारांकडे मागवण्यात आला होता. ३ डिसेंबरच्या रात्री गाझी इथेच बुडाली. कशाने बुडाली, यावर दोन्ही देशांचे अजूनही एकमत नाही.

पत्नीने ऐकून घेतले. सासूबाई मात्र प्रथमच माझ्या बोलण्याकडे पूर्ण वळल्या. “बराबर आहे,” त्या म्हणाल्या. “किराणावाल्याला समजलं की साऱ्या गल्लीला समजते. महालात कोणाच्या घरी किती पाहुणे येऊन राहिले, ते आम्ही रव्यावरून ओळखतो.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “भाजी कोणती मागवली होती?” हे माझ्या वहीत नव्हते. अर्धे आयुष्य या विषयावर वाचन करूनही मला तो प्रश्न सुचला नव्हता, आणि समोरच्या रस्त्यापलीकडे ठेवलेल्या टी.यू.-१४२ या अजस्र विमानाकडे लक्ष वेधण्याचा माझा प्रयत्न त्यामुळे फसला. त्या विमानाला शिडी आहे, एवढे कळताच पत्नीने माझ्या कपाळाकडे पाहिले आणि आम्ही इडली खायला गेलो.

नागपूरला परतलो, ते थेट सासूबाईंना सोडायला महालात. वाड्याच्या दारात मी आधी पाय टाकला, मग मान खाली घेतली आणि चौकात सुखरूप उतरलो. “शिकले!” सासूबाई म्हणाल्या आणि तडक कुरोड्या बघायला गेल्या. चौकात पांढरे धोतर पसरून त्यावर त्या वाळत घातलेल्या होत्या. धोतर वाऱ्याने उडू नये, म्हणून त्याची दोन टोके खिळ्यांना आणि तिसरे शेजाऱ्यांच्या मुलाच्या मोटारसायकलच्या हँडलला बांधलेले होते. ती मोटारसायकल बजाजची ‘व्ही’ होती. मी तिच्याभोवती एक फेरी घातली आणि पत्नीला सांगितले, की २०१६ साली ही गाडी बाजारात आली, तेव्हा विक्रांतच्या भंगारातले पोलाद वितळवून हिच्या टाकीत वापरलेले होते.

तिने टाकीवर तळहात ठेवला आणि चटका बसून लगेच काढला. मुलाला विचारले, तर गाडी पाच वर्षांपासून इथेच उभी राहते, असे कळले. म्हणजे मी दर दिवाळीला तिच्याच शेजारी चपला काढत होतो. सासूबाईंनी एक कुरोडी मोडून पाहिली, कडकडीत वाळली होती. मग त्यांनी मला विक्रांतच्या हँडलची गाठ सोडायला सांगितली.